आधी तोंड, मग कागद

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं म्हणाल, तर ब्रश धुतले. म्हणजे धुतले मी. लिगायाताई शेजारी बसून चुका काढत होती.

आमच्या इमारतीच्या तळघरात कपडे धुवायची खोली आहे. तिथं एक मोठं सिमेंटचं बेसिन आहे. जुलै महिना, रविवार. उन्हाळ्यात इथं जेवणं झाली तरी उजेड असतो, त्यामुळं वरच्या झरोक्यातून पिवळं ऊन भिंतीवर पडलं होतं. पार्कातला मेळा उरकून आम्ही सामान आणून टाकलं होतं. ताई बिअरच्या पालथ्या क्रेटवर बसली होती, दोन्ही हात कोपरातून वर धरून, ऑपरेशनला निघालेल्या डॉक्टरासारखी. बोटं काळी, नखं काळी, उजव्या मनगटावर एक ओघळ सुकलेला. लिहून झाल्यावर पाण्याला हात लावायचा नाही, हा तिचा नेम. म्हणून ब्रश धुवायचं काम माझं.

"तो नाही झाला," ती म्हणाली.

"झाला की."

तिनं ओठ पुढं काढून त्या ब्रशाकडं दाखवलं. ही बाई बोटानं काही दाखवायची नाही. मीठ कुठाय, बस कुठली, भांडण कुणी काढलं, सगळं ओठानं. मी ब्रश पुन्हा नळाखाली धरून पिळला. काळं पाणी आलं.

"बघ. गिरणीवाल्याला वाटतं, वरून पांढरं दिसलं की झालं."

"आणि नर्सला वाटतं सगळं जगच घाण आहे."

ती हसली. हसतानाही हात वरच.

ती गेली. आता बाहेर झाडांची पानं गळाली आहेत. सूनबाई म्हणाली, "बाबा, रोज मला तेच तेच सांगता, एकदा कागदावर उतरवा. मी इथल्या मराठी मंडळाच्या अंकाला देते." मी चौथी पास. तासगावला पिठाची गिरणी चालवली, तीही आता दुसऱ्याच्या ताब्यात. लिहायला बसलो की शब्द गिरणीतल्या डब्यांसारखे रांगेत उभे राहतात, पण पीठ काही लवकर पडत नाही. तरी लिहितो. काही कमीजास्त झालं तर सूनबाईला बोला.

मी इंगोलश्टाटला आलो ते माझी कारभारीण गेल्यावर. बायको गेली की माणूस स्वतःच्याच घरात पाहुणा होतो, मग काय तासगाव आणि काय जर्मनी. मुलगा इथं गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. सूनबाईही ऑफिसला जाते. दिवसभर घरात मी आणि हीटर. दोघंही मधूनमधून खुडबुडायचो, एवढंच.

एकदा आमच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकायला लागलं. मुलानं हाउसफरवाल्टुंगला, म्हणजे इमारतीचा कारभार बघणाऱ्या ऑफिसला, मेल केला. उत्तर आलं, पुढच्या काही आठवड्यांत माणूस येईल. आठवडे कसले मोजता, पाणी आज गळतंय. मी पान्हा घेतला आणि वरच्या मजल्यावर जाऊन बेल दाबली. दार एका बुटक्या, गोल चेहऱ्याच्या बाईनं उघडलं. कोण, कुठला, काय पाहिजे, काही नाही. हातातला पान्हा बघितला आणि जर्मनमध्ये विचारलं, "जेवलात का?"

कारभारीण गेल्यापासून हा प्रश्न मला घराबाहेरच्या कुणी विचारला नव्हता. मी नाही म्हटलं. खोटं होतं, पण तोंडातून तेच आलं.

आधी तिनं शेवयांसारखं काहीतरी खाऊ घातलं, मग बाथरूम दाखवलं. नळाचा वॉशर गेला होता. तो बदलायला वाकलो, तर संडासाशेजारी खुंटीला एक प्लॅस्टिकचा मग लटकवलेला. इथं आल्यापासून मी इतक्या जणांच्या घरी गेलो, आपल्या लोकांचं घर सोडलं तर कुणाच्या संडासात मग दिसला नव्हता. सगळीकडं नुसता कागद. मी मगाकडं बघतोय हे तिनं बघितलं.

"तुम्ही पण?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "आम्ही पण."

दोघंही हसत सुटलो. दोन देशांची मैत्री व्हायला एवढं पुरतं. मोठमोठे लोक उगाच सह्या करत बसतात.

ती फिलिपिन्सची. तरुणपणी नर्स म्हणून आली, सगळी नोकरी इथल्या दवाखान्यांत केली, लग्न केलं नाही. म्यूनिकला एक भाची, तेवढंच नातं जवळ. मला ती पहिल्या दिवसापासून 'कुया' म्हणायची. त्यांच्यात थोरल्या भावाला तसं म्हणतात. मी तिला ताई म्हणायचो. ती मला दादा, मी तिला ताई. धाकटं कुणीच व्हायला तयार नव्हतं. बोलायचो जर्मनमध्ये. तिचं जर्मन सरळ चालायचं, माझं लंगडत. माझ्या जर्मनमध्ये सगळेच 'तू', डॉक्टरही तू आणि पोलिसही तू. मग तिनंही माझ्याशी तेच ठेवलं.

रिटायर झाल्यावर तिनं एक नाद धरला होता. त्यांची एक जुनी लिपी आहे, बायबायिन नावाची. आता ते लोक इंग्रजी अक्षरात लिहितात. ही जुनी लिपी कैक पिढ्यांपूर्वी लिहायची थांबली. अक्षरं गोलसर, वळणाची, ओढ्याचं पाणी दगडांना वळसा घालून जावं तशी. प्रत्येक अक्षरात आपल्यासारखाच 'अ' धरलेला. वर ठिपका दिला की वेलांटी, खाली दिला की उकार. मला एका बैठकीत समजलं. सूनबाईला ताईनं इंग्रजीतून समजावून सांगितलं, तरी वेळ लागला.

लोक तिला विचारायचे, हे तुमच्या आजीनं शिकवलं का? त्यांना 'हो' ऐकायचं असायचं. ती सरळ सांगायची, "आजी इंग्रजी अक्षरात सही करायची. मी साठी उलटल्यावर कॉम्प्युटरवर शिकले, इथंच, स्वयंपाकघरात." लोकांचे चेहरे जरा उतरायचे. तिला त्याचं काही नसायचं.

उन्हाळा आला की शहराचा मेळा, चर्चचा मेळा, शाळेचा मेळा, त्यांच्या फिलिपिनो मंडळाचा मेळा. सगळीकडं तिला बोलावणं. मी सामान उचलायला. गवतावर मोठं पांढरं कापड अंथरायचं, चार कोपऱ्यांवर दगड. स्पीकरवर घणघण अशी घंटांची गत लागायची. आणि ही बुटकी बाई चपला काढून, केरसुणीच्या दांड्याला बांधलेला जाड ब्रश बादलीत बुडवून त्या कापडावर उतरायची. एरवी जिना चढताना गुडघ्यांच्या नावानं शिव्या देणारी, पण तिथं पाय असे पडायचे की वाटावं, हिला कुणीतरी वरून उचलून धरलंय. ब्रश ओढत मागं मागं जायची, गर्रकन वळायची, आणि तिच्या पायामागं अक्षर उमटत यायचं. शेवटी ठिपका. ठिपक्यासाठी ती ब्रश उंच धरायची, सगळा जमाव गप्प व्हायचा, आणि मग एकच थाप. पहिल्या रांगेतल्यांच्या कपड्यांवर शिंतोडे. मी त्यांना आधी सांगायचो, मागं सरा. जर्मन माणूस पाटी लावल्याशिवाय ऐकत नाही.

ते झालं की ती टेबलाशी बसायची आणि लोकांना नावं लिहून द्यायची. रांग लागायची. रांग सांभाळायचं काम मी घेतलं, कारण जन्मभर गिरणीत तेच केलं. तासगावला एक डोळा जात्यावर आणि एक डब्यांवर ठेवावा लागायचा, नाहीतर मागचा डबा पुढं सरकलाच म्हणून समजा. इथं माझी काही गरजच नव्हती. माणसं आपली आपण एक हात अंतर ठेवून उभी. मी उगाच पुढं-मागं फिरायचो. ताई ओरडायची, "कुया, बस खाली. इथं पीठ चोरीला जात नाही."

तिचा एक नियम होता. चिठ्ठीवर नाव लिहून आणलेलं चालायचं नाही, मोबाइलवर दाखवलेलं चालायचं नाही. ज्याला नाव हवंय त्यानं स्वतःच्या तोंडानं ते मोठ्यानं घ्यायचं. ती म्हणायची, "आमची अक्षरं कागदावर मेली, पण नावं मेली नाहीत, कारण लोकांनी ती तोंडात ठेवली. म्हणून आधी तोंड, मग कागद." आणि नाव घेऊन झालं की एक प्रश्न: ह्या माणसाला खायला काय आवडतं? त्याचं उत्तर आल्याशिवाय ब्रश शाईत जायचा नाही.

एकदा एक तरणाबांड गडी आला. दंडावर गोंदवून घ्यायला मैत्रिणीचं नाव हवं होतं. नाव घेतलं. ताईनं विचारलं, काय खाते ती? गडी इकडं बघ, तिकडं बघ. "सगळंच," म्हणाला.

"सगळं डुक्कर खातं," ताई म्हणाली. "विचारून ये."

मागच्या रांगेत हशा पिकला. गडी कान लाल करून गेला. थोड्या वेळानं परत आला तो मैत्रिणीला हाताला धरून, आणि तिच्या हातात अर्धा खाल्लेला पाव आणि मासा. ताईनं वर बघितलं आणि म्हणाली, "गेनाऊ. बरोब्बर. आता ह्याला माहिती आहे." असं झोकात लिहून दिलं की मासा पाण्यात शेपूट मारतोय असं वाटावं.

एकदा गावच्या कारभारातला एक मोठा साहेब आला होता, गळ्यात बिल्ल्यांची साखळी घातलेला. त्याच्या मदतनीस बाईनं नावाचं कार्ड आणून टेबलावर ठेवलं. ताईनं कार्डाला हात लावला नाही. ओठ पुढं करून लांब उभ्या साहेबाकडं दाखवलं.

"त्याला तोंड नाही?"

मदतनीस बाई पांढरी पडली. साहेब मात्र आला, आणि रांगेत उभा राहिला बरं का, शेवटी. नंबर आल्यावर आईचं नाव घेतलं. काय आवडायचं आईला? म्हणाला, बटाट्याची धिरडी, वर सफरचंदाचा गोड लगदा. मागून एक म्हातारी म्हणाली, लगदा नाही, साखर. तिच्या मागचा म्हणाला, साखर कोण घालतं? रांगेत अशी जुंपली की साहेबालाच मध्ये पडून मिटवावं लागलं. जाताना साखळीवाला माणूस कागद फुंकत फुंकत चालला होता, शाई वाळायला.

ताईच्या समोरच्या दारात फ्राउ हुबर राहते. तिच्याबद्दल लिहिलं नाही तर ती रागावेल. फ्राउ हुबरला आवाज चालत नाही. रविवारी तर ताटलीचासुद्धा नाही. आणि ताईला रविवारी माईक लावून गाणी म्हणायची हौस. गळा असा की कुत्री ऐकून बसावीत. शिवाय रोज सकाळी सातला ती खिडकीची लोखंडी पट्ट्यांची झडप खडखडत वर ओढायची, सगळी इमारत जागी व्हायची. फ्राउ हुबर दारावर चिठ्ठ्या लावायची. ताई त्या काढून त्यांच्या मागं अक्षरं गिरवायची, म्हणायची, कागद चांगला असतो हिचा. शेवटी एका मेळ्यात फ्राउ हुबर रांगेत दिसली. घुश्शातच होती. नंबर आल्यावर एक नाव पुटपुटली. तिचं मांजर, मागच्या हिवाळ्यात मेलेलं. ताई हसली नाही, काही नाही. "काय खायचं?" विचारलं. फ्राउ हुबर मांजराच्या खाण्याबद्दल जे बोलायला लागली ते थांबेना. रांग ताटकळली. मी घसा खाकरला, तर ताईनं माझ्याकडं असं बघितलं की मीच गप्प. त्यानंतर चिठ्ठ्या थांबल्या नाहीत, पण कागद जरा जाड येऊ लागला.

हात न धुण्याचं सांगायचं राहिलं. त्यांच्यात असं आहे, की काम करून तापलेल्या, थकलेल्या हाताला लगेच पाणी लावलं तर हातात कापरं भरतं. रात्र जाऊ द्यायची, सकाळी धुवायचं. सूनबाई एकदा म्हणाली, "अहो आँटी, तुम्ही स्वतः नर्स आहात, ह्याला काही आधार आहे का?"

ताई म्हणाली, "दवाखान्यात असले की मला माहिती असतं, हे सगळं खोटं आहे. घरी आले की माहिती असतं, खरं आहे."

आमची कारभारीण दिवेलागणीला केर काढू द्यायची नाही, तिलाही मी कधी आधार विचारला नाही.

तर कारभारणीचं. पहिल्याच उन्हाळ्यात मेळ्यावरून आल्यावर ताईनं विचारलं, "कुया, तुझ्या बायकोचं नाव काय? लिहून देते."

"आमच्यात घेत नाहीत."

"काय घेत नाहीत?"

"बायकोचं नाव. नवऱ्यानं. आणि नवऱ्याचं बायकोनं."

ती हातातलं ठेवून माझ्यासमोर बसली. "मग हाक कशी मारायचास?"

"अगं."

"आणि ती?"

"अहो."

"आणि बाजारात, गर्दीत?"

"खोकायचो."

ती एवढी हसली की तिला टेबल धरावं लागलं. "आणि ती ओळखायची? तुझा खोकला?"

"लांबून ओळखायची. दहा जण खोकले तरी माझ्याच खोकल्याला वळायची."

सूनबाई तिथंच होती. तिनं सासूचं नाव सांगायला तोंड उघडलं, तर ताईनं हात आडवा धरला. "तू नको. त्याच्या तोंडातून आलं पाहिजे."

मी म्हटलं, ते काही यायचं नाही. लग्नात उखाण्यात घ्यायची वेळ आली होती. उखाणा म्हणजे नाव घ्यायचं, पण दोन ओळींच्या आडोशानं. बायकांनी धरून बसवलं होतं, तेवढ्यात बँड वाजला आणि मी सुटलो. जे तेव्हा सुटलं ते सुटलंच. ती जिवंत असताना नाही घेतलं, आता घेऊन कुणाला वळायला लावू?

ताई उठली. कपाटावरून एक नळकांडं काढलं, त्यातून एक कागद. तिच्या मुलखातला, हातानं केलेला, जाड, आत झाडाचे धागे दिसणारा. असा एकच उरला होता तिच्याकडं. म्हणाली, "हा तिचा. तू तोंड उघडशील त्या दिवशी लिहीन. मला उपाशी पाहुणा परत पाठवायची सवय नाही."

तेव्हापासून ते नळकांडं दर मेळ्याला बरोबर यायचं आणि कोरंच परत जायचं. रांग संपली की ती विचारायची, "काय कुया, खोकला आला का?" मी म्हणायचो, "नाही आला." ती झाकण लावायची. आमचं ते ठरूनच गेलं होतं, तंबाखू मागितल्यासारखं. पण दर वेळी नळकांडं उचलताना मला ते आधीपेक्षा जड लागायचं, हे खरं आहे.

ह्या वर्षी वसंतात तिचा हात कापायला लागला. चहाचा कप बशीवर वाजायचा. म्हणाली, तरुणपणी एकदा इस्त्री करून लगेच हात धुतले होते, त्याचं आता निघतंय. डॉक्टरनं दुसरंच काही नाव सांगितलं होतं. तिनं सरळ सांगितलं, "हा उन्हाळा शेवटचा. जुलैतला पार्कातला मेळा झाला की ब्रश कुणाला तरी देऊन टाकणार." आणि मग ओठ पुढं करून नळकांड्याकडं दाखवलं.

तो रविवार आला. कापडावरचं झालं, पण गर्रकन वळणं जरा बेतानं झालं. टेबलावर मात्र ती नेटानं बसली. डाव्या हातानं उजवं मनगट धरून लिहीत होती. संध्याकाळ झाली, रांग ओसरत आली. शेवटची एक बाई कागद घेऊन गेली. ताईनं ब्रश ठेवला नाही. माझ्याकडं बघून नेहमीचं विचारलंही नाही. नळकांडं उघडून तो कागद टेबलावर पसरला, दोन बाजूंना दोन दगड ठेवले, आणि मोकळ्या रांगेकडं बघत बसली.

मी उठलो. टेबलाला वळसा घालून पुढं गेलो आणि जिथं लोक उभे राहतात तिथं उभा राहिलो.

तिनं ओळखही दाखवली नाही. "बिट्टे," म्हणाली, गिऱ्हाइकाला म्हणतात तसं. "नाव?"

मी खोकलो.

"हे नाव नाही."

"आमच्यात ओळीत घेतात," मी म्हटलं. "नुसतं नाही घेत."

"मग ओळीत घे."

टेबलावर तिचा माईक होता, तो चालू आहे हे मला काय माहीत. ओळी तिथंच सुचल्या, किंवा इतकी वर्षं आत कुठं दळत पडल्या असतील. मी म्हटलं,

"जर्मनीच्या मैदानात फिलिपिन्सची शाई,
यमुनाचं नाव घेतो, आता लाज नाही."

सगळ्या पार्कात ते घुमलं. बिअरच्या बाकांवरची माणसं वळली. कुणाला काही कळलं नाही, तरी टाळ्या पडल्या. इथं माईकवर कुणी काही बोललं की टाळ्या वाजवायची पद्धत आहे. लांब सूनबाई हातात ब्रेत्सेल, इथला वेटोळ्याचा खारा पाव, घेऊन उभी होती, ती तशीच उभी राहिली.

"यमुना," ताई म्हणाली. तिनं दोनदा म्हणून बघितलं. "काय खायची?"

"भाताच्या बुडाला लागलेलं. करपलेलं. मला वाटायचं, चांगला भात आम्हाला वाढून ती आपली उरलंसुरलं खाते."

"आम्ही पण खातो ते. मला मऊ भातापेक्षा तेच आवडतं." तिनं ब्रश शाईत बुडवला. "तुम्हा पुरुषांना काय रे, बाई कोपऱ्यात काही खात असली की ती त्यागच करतेय असं वाटतं? आवडत असेल तिला."

हे मला कधी सुचलं नव्हतं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तीन अक्षरं. पहिलं 'य' काढून मला म्हणाली, "माझं नाव ह्या अक्षरावर संपतं. तिचं इथून सुरू होतं." मग 'म', मग 'न'. आता 'म'च्या खाली ठिपका. हात फार कापत होता. तिनं ब्रश उंच धरला, कापडावर धरायची तसा, आणि सोडला. ठिपका केवढा तरी मोठा पडला, शिंतोडे माझ्या सदऱ्यावर, तिच्या हातावर, नखांत. मनगटावरून ओघळ आला.

तिनं ओठ पुढं काढून ठिपक्याकडं दाखवलं.

"हा करपलेला भात," ती म्हणाली.

त्यानंतर ते ब्रश धुणं, जे मी सुरुवातीला सांगितलं. शेवटचा ब्रश तिनं पास केला तेव्हा झरोक्यातलं ऊन गेलं होतं. आम्ही जिना चढलो. माझ्या मजल्यावर मी थांबलो. ती काळे हात समोर धरून वर गेली, गुडघ्यांना शिव्या देत. वळणावर दिवा लावायला तिनं कोपरानं बटण दाबलं. "कागद वाळला की सकाळी घेऊन जा," वरून म्हणाली. "आणि जेव काहीतरी." मग दार कोपरानंच लोटल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची बेल वाजली. दारात फ्राउ हुबर, घरातल्या झग्यावर. "आवाज नाही आला," ती म्हणाली. "झडपेचा आवाज नाही आला." ताईची जादा किल्ली आमच्याकडं असायची. आम्ही वर गेलो. ती झोपेतच गेली होती. डॉक्टर येऊन बघून गेला. म्यूनिकहून भाची आली. खिडकीची झडप फ्राउ हुबरनं वर ओढली, मोठा खडखडाट करत.

सगळे बाहेर कॉफी पीत बसले तेव्हा मी खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो आणि खोकलो. सवय. मग आत गेलो. चादरीवर तिचे हात काळेच होते.

मी बाथरूममधून तो मग घेतला, कोमट पाण्यानं भरला, एक भांडं आणि पंचा घेतला. भाची दारात आली. म्हणाली, "काका, मावशीला चालायचं नाही. लिहिल्यावर पाणी नाही लावायची ती."

"सकाळ झाली," मी म्हटलं.

ती बाजूला झाली. मी शेजारी बसलो. "लिगायाताई," मी नाव घेऊन हाक मारली, मोठ्यानं, आणि तिचे हात एकेक करून धुतले. भांड्यातलं पाणी काळं झालं. मनगटावरचा ओघळ गेला. नखांतली शाई काही निघाली नाही. ब्रश असता तर तिनं मला पुन्हा धुवायला लावला असता. मी ती तशीच राहू दिली.